कलफ आणायला गेलेली

४ फेब्रुवारी

वहिनी,

नमस्कार. वाकून केलेला आहे असं समज. विमा कंपनीच्या खुर्चीनं पाठीची वाट लावली आहे, त्यामुळे हल्ली सगळे नमस्कार कागदावरच होतात.

सोबत पुस्तक पाठवतोय. माझंच आहे. अखेर छापून आलं. प्रकाशकानं मोजक्याच प्रती काढल्या आणि त्यातल्याही बऱ्याचशा त्याच्या गोदामात निवांत पडून आहेत. पहिलं पान उघडलंस की 'वहिनीला' एवढंच लिहिलेलं दिसेल. जास्त काही लिहायला गेलो तर रडकं व्हायला लागलं, म्हणून खोडून टाकलं.

पण इथे लिहितो. कॉलेजसाठी मी तुमच्याकडे राहायला आलो तेव्हा लाँड्रीच्या वरच्या त्या खोलीत हिवाळ्यात बोटं वळत नसत. म्हणून मी खाली येऊन तुझ्या इस्त्रीच्या टेबलाच्या कडेला बसायचो. तू घड्या केलेले कपडे एका बाजूला सरकवून मला जागा करून द्यायचीस. काय लिहितोस, असं एकदाही विचारलं नाहीस. गिऱ्हाइकांनी विचारलं तर म्हणायचीस, "त्यांचं काम चाललंय." आई त्याला खरडणं म्हणायची आणि दादा काहीच म्हणायचा नाही. त्याला काम म्हणणारी तू पहिली. तेवढ्या एका शब्दाच्या आधारावर मी इतकी वर्षं लिहीत आलो, हे तुला कधी सांगितलं नव्हतं.

आता सूचना. पुस्तकात लाँड्री आहे, इस्त्री करणारी बाई आहे, पण ती तू नाहीस. कथानक शोधत बसू नकोस. सगळा मिळून एक दिवस आहे, आणि तोही तिच्या डोक्यातला. एका वर्तमानपत्रात परीक्षण आलं, 'संज्ञाप्रवाहाचा प्रामाणिक प्रयोग, मात्र कादंबरीत काही घडत नाही.' तेव्हा कंटाळा आला तर खुशाल ठेवून दे. मला वाईट वाटणार नाही. थोडं वाटेल.

दादाला नमस्कार.

तुझा,
भाऊजी


२६ फेब्रुवारी

भाऊजी,

अनेक आशीर्वाद. पुस्तक मिळालं. तुमच्या दादांनी हातात घेऊन वजन बघितलं, म्हणाले, "चांगलं भरीव आहे," आणि गल्ल्यामागच्या फळीवर ठेवून दिलं. त्यांच्या तोंडून याला कौतुकच म्हणायचं.

'वहिनीला' हे मी पाहिलं. त्याबद्दल काही लिहीत नाही. मी पण रडकी होईन.

वाचायला घेतलं तेव्हा खरं सांगते, डोकं धरलं. पूर्णविराम कुठे नाहीच. बाई शर्टाची बाही इस्त्री करता करता लहानपणच्या शाळेत काय जाते, तिथून उद्याच्या भाजीत काय येते, आणि सासू मेलेली आहे की जिवंत आहे ते मला दहा पानं कळलं नाही. एका पानावर मेलेली, पुढच्या पानावर पाणी मागते. मला वाटलं छापखान्यात पानं उलटीसुलटी लागली. संज्ञाप्रवाह म्हणजे काय ते मला ठाऊक नाही, आमच्याकडे प्रवाह तुंबला की प्लंबर बोलावतात.

मग एक दिवस दुपारी दुकानात कुणी नव्हतं, तेव्हा पुस्तक कपड्यांच्या ढिगाला टेकवून उभं केलं आणि इस्त्री करता करता मोठ्यानं वाचलं. तेव्हा सोपं गेलं. चादरीवरून इस्त्री या टोकापासून त्या टोकापर्यंत नेली की वाक्यही तिथेच संपत होतं. आणि सासूचंही कळलं. माणूस गेल्यावर काही दिवस तसंच होतं. पाणी मागितल्याचं ऐकू येतं आणि आपण उठतोसुद्धा. तुम्ही हे बरोबर लिहिलंत. तुमच्या त्या परीक्षणवाल्याच्या घरी कुणी गेलेलं नसावं.

काल संपवलं. शेवटी ती बाई दुपारचं काम टाकून निघते आणि बसस्टँडवर जाऊन बाकावर बसते, आणि पुस्तक तिथेच थांबतं, गाडी यायच्या आधी. ते तुम्हाला कसं सुचलं? तुम्हाला कुणी काही सांगितलं होतं का? सहज विचारते.

गिऱ्हाईक आलं. थांबते.

तुमची,
वहिनी


३ मार्च

वहिनी,

तुझं पत्र मी अनेकदा वाचलं. पहिला भाग वाचून हवेत गेलो आणि शेवट वाचून खाली आलो. 'कधी येता?' हे तू प्रत्येक पत्रात लिहितेस. या वेळी लिहिलं नाहीस. म्हणजे तू दुखावली आहेस आणि मला ते आधीच कळायला हवं होतं.

पेठेतली सगळी माणसं तुमच्या दुकानात येतात. ज्यानं वाचलं तो म्हणणार, दिरानं वहिनीवर पुस्तक लिहिलं आणि त्यात ती घर सोडून जाते. मी आपला 'ती तू नाहीस' म्हणून मोकळा झालो. लोक थोडेच ते पत्र वाचणार आहेत?

कुणी काही सांगितलं नव्हतं, वहिनी. शपथेवर सांगतो. ते सगळं रचलेलं आहे. उलट तिला घरी ठेवायचा मी आटोकाट प्रयत्न केला. एका खर्ड्यात ती दाराशी जाऊन परत येते. एकात शेजारीण येते. पण लिहिताना एक गोष्ट लक्षात आली. जिवंत माणसं कशीही वागू शकतात, कागदावरच्या माणसाला ती सवलत नसते. एका बाईला दिवसभर अशा खोलीत उभं केलं की जिथे तिला कुणी काही विचारत नाही, तर दिवस संपायच्या आत कुणीतरी तिला विचारलं पाहिजे, नाहीतर तिनं निघालं पाहिजे. मी तिच्या नवऱ्याला विचारायला लावून पाहिलं. 'तुला काय झालंय?' एवढंच वाक्य. पण ते त्याच्या तोंडात बसेना. तो तोवर प्रत्येक गोष्टीला 'हं' म्हणत आला होता. त्याला अचानक बोलका केला असता तर ते माझं बोलणं झालं असतं, त्याचं नाही. मग ती निघाली. मी नुसता तिच्या मागून गेलो.

हे सगळं मला पटतं, पण तुझ्यापेक्षा ते मोठं नाही. एका कॉलेजनं पुस्तक अभ्यासाला लावायचं ठरवलंय म्हणून प्रकाशक नवी आवृत्ती काढतोय. शेवटची दोन पानं मी बदलतो. ती दारापर्यंत जाईल, बाहेर बघेल आणि आत येऊन इस्त्री हातात घेईल. पुस्तक लंगडं होईल, होऊ दे. महिनाअखेरपर्यंत मजकूर द्यायचा आहे.

रागावलीस तरी लिही.

भाऊजी


२४ मार्च

भाऊजी,

पत्राला उशीर झाला. रोज लिहायला बसत होते आणि रोज उठत होते. आता तुमचा महिना संपत आला, म्हणून आज उठायचं नाही असं ठरवलंय.

पहिली गोष्ट, एक अक्षर बदलायचं नाही. त्या बाईला परत घरात ढकललंत तर माझ्याशी गाठ आहे.

दुसरी गोष्ट, मी रागावले नव्हते. घाबरले होते. मला वाटलं तुम्हाला कळलंय.

मी गेले होते, भाऊजी. सासूबाई गेल्या त्यानंतरची गोष्ट. तुम्ही नोकरीवर परतला होता, पाहुणे पांगले होते. त्यांचं अंथरुणातलं सगळं मीच केलं, तुम्ही पाहिलंय. ते करताना कधी जड वाटलं नाही. पण त्या गेल्यावर सकाळी उठून करायचं काय तेच समजेना. हात रिकामे. येणारा जाणारा तुमच्या दादांना विचारायचा, "कसे आहात?" ते बरोबरच आहे, आई त्यांची गेली होती. मला विचारायचं कुणाला सुचलं नाही, आणि माझ्याही ते तेव्हा लक्षात आलं नव्हतं.

दुकान उघडलं त्या दिवशी मी वरून खाली आले. तुमच्या दादांनी माझ्याकडे पाहिलं, मला वाटलं आता काहीतरी बोलतील. ते म्हणाले, "कलफ संपलाय."

मी चपला घातल्या आणि कॉलरी कडक करायचा कलफ आणायला वाण्याकडे निघाले. वाण्याचं दुकान आलं, मागे पडलं, मी चालतच राहिले. मनात राग नव्हता. काहीच नव्हतं. पाय थांबले तेव्हा मी स्टँडवर होते. बाकावर बसले. समोर ज्या गाडीची पाटी लागली होती तिचं तिकीट काढावं असं ठरवलं. कुठे जाते तेही वाचलं नाही. तुम्ही त्या बाईच्या हातात पिशवी दिली आहे. माझ्याकडे पिशवीही नव्हती. बाकी तुमचं सगळं बरोबर. ते बाकाचं गार लोखंडसुद्धा.

तुमचं पुस्तक तिथे थांबतं. पुढचं सांगते.

शेजारी एक मुलगी बसली होती, पांढरा शर्ट घातलेली, मांडीवर कागदांची फाईल. मुलाखतीला निघाली होती. चहा पिताना धक्का लागला आणि सगळा पेला छातीवर. ती रडायलाच लागली. मी काही विचार केला नाही. तिचा हात धरून तिला बायकांच्या मोरीत नेलं, माझा स्वेटर तिच्या अंगात घातला, शर्ट गार पाण्यात धरला, तिथला हात धुवायचा साबण लावला, चोळला, पिळला. डाग गेला. पण ओला चुरगळलेला शर्ट घालून मुलाखतीला कसं जायचं? मग चहावाल्याकडून उकळत्या पाण्याची किटली मागून घेतली. बाकावर त्याचंच एक धुतलेलं फडकं पसरलं, त्यावर शर्ट, आणि किटलीचं बूड पुसून त्यानं इस्त्री केली. कॉलर, कफ, पुढची पट्टी, सगळी. चहावाला, कंडक्टर, सगळे बघत उभे. शर्ट असा झाला की आपल्या दुकानातून सुद्धा तसाच गेला असता.

गाडी लागली. मुलगी चढली, खिडकीतून म्हणाली, "तुमचं नाव काय?" मी सांगितलं. आणि सांगितल्यावर माझं मलाच नवल वाटलं. घरात मी सून, वहिनी, काकू, दुकानात 'अहो ताई'. माझं नाव माझ्याच तोंडून ऐकून किती काळ लोटला होता. गाडी गेली. त्याच गाडीचं मी तिकीट काढणार होते, आणि माझ्या ते ध्यानातच राहिलं नव्हतं. स्वेटरही तिच्याबरोबरच गेला.

मग मला सडकून भूक लागली. कलफ घेतला आणि घरी आले.

हे मी कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं काय होतं? कुठे गेले नाही, काही झालं नाही. पण त्या बाकावरची मी कुणालाच दिसले नाही, याचं मला आतून लागून राहिलं होतं. आणि तुम्ही इतक्या लांब बसून, काही माहीत नसताना, मला तिथे बसवलंत. पाहिलंत. वाचताना इस्त्री तशीच शर्टावर राहिली आणि शर्ट जळला. गिऱ्हाइकाला भरून दिला. मला त्याचं काडीचं वाईट वाटलं नाही.

तुम्ही लिहिलंय की माझ्या एका शब्दावर तुम्ही चालत आलात. आता फिटलं, भाऊजी.

कधी येता?

वहिनी


३१ मार्च

वहिनी,

तुझं पत्र ऑफिसच्या जिन्यात वाचलं आणि तिथेच पायरीवर बसलो. साहेब वरून उतरले, त्यांना वाटलं घरी काही वाईट झालं. मी म्हणालो, नाही, फार चांगलं झालं. ते घड्याळ बघून पुढे गेले.

प्रकाशकाला फोन केला. शेवट तोच राहणार.

तुला एक सांगतो. हे पुस्तक छापून आल्यापासून मला आतून वाटत होतं की मी लबाडी केली. बाईच्या मनातलं मला काय कळणार, वाफेतून बाई उभी केली आणि कुणी पकडलं नाही इतकंच. आता ते गेलं. मी तुला पाहिलं असं तू म्हणतेस, पण मी नुसतं एकेक वाक्य पुढच्या वाक्याशी जुळतंय का तेवढं बघत होतो. ते जुळवता जुळवता मी तुझ्या बाकापाशी येऊन पोचलो, याचंच मला राहून राहून आश्चर्य वाटतंय.

मात्र किटलीचं मला लिहिता आलं नसतं. नेमकी लाँड्रीवाल्या बाईशेजारी डाग पडलेली मुलगी? वाचक म्हणाला असता, लेखकाला शेवट सुचेना म्हणून त्यानं चहा सांडला. घडलेल्या गोष्टीला कारण द्यावं लागत नाही, रचलेल्या गोष्टीला द्यावं लागतं. म्हणून बरं झालं मी गाडी यायच्या आधी थांबलो. पुढचं तुझ्याकडेच असायला हवं होतं.

फिटलं वगैरे म्हणू नकोस. मला फेडायचं नाहीये.

दादाला यातलं काही माहीत आहे का?

भाऊजी


८ एप्रिल

भाऊजी,

घाईत लिहिते. त्यांना माहीत नाही. पण परवापासून त्यांनी तुमचं पुस्तक फळीवरून खाली काढलंय. गल्ल्यावर बसून वाचतात. पेपराच्या पलीकडे ज्यांनी कधी काही वाचलं नाही ते बोट ठेवून एकेक ओळ वाचतायत. गिऱ्हाईक आलं की पानात कपड्याची चिठ्ठी घालून मिटतात, गेलं की पुन्हा उघडतात. मी विचारलं, "कळतंय का?" म्हणाले, "हं."

मी आपली इस्त्री करते आणि चिठ्ठी कितव्या पानात गेली ते चोरून बघते.

वहिनी


२९ एप्रिल

वहिनी,

तीन आठवडे तुझं पत्र नाही. दुकानात फोन केला तर दादानं उचलला, म्हणाला, "सगळं ठीक," आणि ठेवून दिला. त्याच्या 'ठीक'वरून मला काहीच कळत नाही, कधी कळलं नव्हतं.

माझ्या पुस्तकानं तुमच्या घरात काही बिघडलं असेल तर मी येतो. दादाशी मी बोलतो. ते रचलेलं आहे असं शपथेवर सांगतो, आणि ते खरंच आहे. एका ओळीचं का होईना, पत्र टाक.

भाऊजी


५ मे

भाऊजी,

काळजी करू नका. काही बिघडलेलं नाही. काय लिहावं तेच कळत नव्हतं, म्हणून गप्प होते.

त्यांचं पुस्तक संपलं त्या दिवशी त्यांनी ते मिटलं, फळीवर ठेवलं आणि दुकान लवकर बंद केलं. जेवायला बसलो. मी वाढत होते. ते खाली बघून म्हणाले, "ही तू आहेस का?"

मी म्हणाले, "भाऊजी म्हणतात नाही."

"ते मी त्याला विचारीन. तुला विचारतोय."

मग मी सांगितलं. उभ्या उभ्याच, हातात डाव तसाच. कलफ, स्टँड, मुलगी, किटली, सगळं. मला वाटलं विचारतील, का गेलीस? तुला काय कमी होतं? त्याचं उत्तर मी मनात जुळवत होते, आणि ते काही जुळत नव्हतं. त्यांनी तसं काही विचारलंच नाही. ताटात बोटं फिरवली आणि म्हणाले,

"कुठली गाडी होती?"

मी म्हणाले, पाटी वाचली नव्हती, पण तिसऱ्या फलाटावरची दुपारची. ते हं म्हणाले आणि उठले. त्यानंतर पंधरा दिवस तो विषय नाही. काल रात्री इस्त्रीचं बटण बंद करताना म्हणाले, "चौकशी केली. ती गाडी अजून सुटते. सोमवारी दुकान बंद ठेवू. जाऊन येऊ, कुठे जाते ते बघू तरी."

भाऊजी, आम्ही लग्नानंतर कामाशिवाय कुठे गेलेलो नाही. मी घालू काय, हाच मोठा प्रश्न पडलाय. दुनियेचे कपडे कपाटात आणि माझा एकही नीट इस्त्री केलेला नाही.

वहिनी


१४ मे

लेखकराव,

आशीर्वाद. मी पत्र लिहीत नाही, तुला माहीत आहे. चुका असतील. तुझी वहिनी लिहिणार होती, मी म्हटलं या वेळी मी लिहितो.

सोमवारी गेलो. गाडीचा शेवटचा थांबा म्हणजे काही खास नाही. एक सिमेंटचं गोदाम, एक सायकलचं दुकान आणि चहाची टपरी. ती उतरली आणि हसायला लागली. म्हणाली, "इथे येणार होते मी?" आम्ही चहा घेतला. परतीच्या गाडीला वेळ होता. टपरीवाल्यानं चौकशी केली, कुणाकडे आलात? मी म्हटलं, कुणाकडे नाही, हिला बघायचं होतं.

आता पुस्तकाचं. पहिली पन्नास पानं मला समजली नाहीत. परत वाचली. त्यात नवरा आहे त्याला तू काही दिलेलं नाहीस. बाईच्या डोक्यातलं पानंच्या पानं, आणि नवरा नुसता हं म्हणतो. मला राग आला. माझा भाऊ, माझ्या घरात जेवला, आणि मला एक वाक्य देत नाही. मग विचार केला. पुस्तक तिच्या डोक्यातून लिहिलंय. तिला जेवढं ऐकू आलं तेवढंच त्यात येणार. ती हं ऐकत होती म्हणून तू हं लिहिलंस. तेव्हा राग गेला, पण झोप आली नाही.

ती ज्या दिवसाचं सांगते तो दिवस मला आठवत नाही, हे मला सगळ्यात लागलं. ती स्टँडवर बसली होती आणि मला त्या दिवसातलं काहीच आठवत नाही. फक्त कलफाचा रिकामा डबा आठवतो. आई गेल्यावर दुकान उघडलं, काही बोलायला हवं हे कळत होतं, तोंडातून काही येईना, समोर डबा दिसला, तेच बोललो. हे मी तिला गाडीत सांगितलं. ती म्हणाली, "हे तेव्हा का नाही बोललात?" मी म्हटलं, तेव्हा मलाच ठाऊक नव्हतं. परवा तुझं पुस्तक वाचून ठाऊक झालं. मग तिनंही त्या दिवसांतलं बरंच सांगितलं. आईबद्दलचं, मला माहीत नसलेलं. ते तिचं आहे, इथे लिहीत नाही.

तू कॉलेजात असताना मी तुझ्या वह्या उचलून आपटायचो, पसारा करतोस म्हणून. ती मला गप्प करायची. बरं झालं केलं.

येताना तिला झोप लागली. डोकं माझ्या खांद्यावर होतं. आपला थांबा आला, मी उठवलं नाही. दोन थांबे पुढे जाऊन उतरलो आणि चालत परत आलो. त्यामुळे आणखी थोडं बोलता आलं.

तुझा आभारी आहे.

दादा